चोराला दिसेल असा कॅमेरा: विक्रोळीत सीसीटीव्हीचं काम घेताना काय विकायचं, काय नाही

वायरिंग, बीएनसी कनेक्टर आणि डीव्हीआरचं सेटिंग आपण व्हिडिओत पाहिलं. आजचा धडा वही-पेनाचा आहे. कॅमेरा कुठे लावायचा, का लावायचा आणि गिऱ्हाइकाला नेमकं काय सांगायचं, हे यात आहे. ड्रिल मारायला आठवड्यात शिकता येतं. धंदा टिकतो तो या भागावर.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. कन्नमवार नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराचं काम मी घेतलं होतं. काकू म्हणाल्या, "तो डबा भिंतीवर नको दिसायला, शोभा जाते." मीही मान डोलावली. पांढरा डोम कॅमेरा दाराच्या वर, छताच्या कोपऱ्यात, पांढऱ्या भिंतीत मिसळून लावला. काम इतकं सुबक झालं की फोटो काढून ठेवला. गणपतीला घरचे गावी गेले आणि तिसऱ्या रात्री कडी-कोयंडा तुटला. रेकॉर्डिंग उघडलं तर दिसली फक्त एक टोपी आणि दोन खांदे. चेहरा एका सेकंदालाही नाही. काकूंनी विचारलं, "मग दादा, कॅमेरा लावून आम्हाला मिळालं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅमेरा चोराला दिसला नाही म्हणून तो थांबला नाही. चोर कॅमेऱ्याला दिसला नाही म्हणून पुढे सापडायलाही मदत झाली नाही. एका कामात दोन्ही चुका.

१. चोर आधी काय बघतो?

घरफोडी करणारा बहुतेक वेळा सोपं घर शोधत असतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट शाखेतल्या संशोधकांनी तुरुंगातल्या ४२२ घरफोड्यांना प्रश्न विचारले. तो अभ्यास २०१२ च्या शेवटी आला. सुमारे ८३ टक्के जणांनी सांगितलं की आत शिरण्याआधी अलार्म आहे का ते आम्ही बघतो. अलार्म दिसला तर दुसरं घर शोधू, असं सांगणारे सुमारे ६० टक्के होते. तिथली घरं सुटी, बंगल्यासारखी. आपल्याकडे जिना सामायिक आणि भिंतीला भिंत लागून. आकडे तसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण हिशोब तोच आहे: धोका दिसला तर पाय मागे.

आता दुसरी बाजू. कॅमेऱ्यांवरच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्हे सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास कमी झाले, असं त्यात निघालं. सगळ्यात चांगला परिणाम पार्किंगच्या जागांत, आणि निवासी भागातही फरक दिसला. जिथे कॅमेऱ्याबरोबर इतर उपाय होते आणि स्क्रीनकडे कुणीतरी लक्ष ठेवत होतं, तिथे परिणाम जास्त होता.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या: "कॅमेरा लावला की चोरी होणार नाही" हे वाक्य कधीही बोलायचं नाही. "चोराला दोनदा विचार करावा लागेल, आणि तरी आला तर चेहरा मिळेल" इतकंच बोलायचं. आणि जितकं बोललात तितकं काम करून द्यायचं.

२. विक्रोळीतलं घर ओळखा

एकच पॅकेज सगळीकडे चालत नाही.

कन्नमवार नगर आणि टागोर नगरमधल्या म्हाडाच्या जुन्या इमारतींत जिना उघडा असतो आणि खाली वॉचमन असेलच असं नाही. इथे खरी जागा जिन्याचं तोंड आणि मजल्याचा पॅसेज. पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या इमारतीत अर्धी घरं रिकामी असतात. तिथे शेजाऱ्याची नजर कमी झालेली असते, म्हणून कॅमेऱ्यावर भार जास्त.

पार्कसाईटच्या टेकडीवरच्या गल्ल्या अरुंद. तिथे एका घराचा कॅमेरा आपोआप चार घरांच्या दारात बघतो. पश्चिमेच्या नव्या टॉवरमध्ये गेट आणि लॉबीत सोसायटीचे कॅमेरे असतातच. तिथे गिऱ्हाइकाला आधी विचारा की ते चालू आहेत का आणि किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं.

वेळही ओळखा. आपल्या भागात मे महिना, गणपती आणि दिवाळीत घरं बंद असतात. कुलूप, दाराशी साचलेली वर्तमानपत्रं, रात्री एकही दिवा नाही, हे सगळं न बोलता सांगतं की घरात कुणी नाही. गिऱ्हाइकाला सांगा: पेपर-दूध बंद करा, चावी विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवा, एक दिवा टायमरवर लावा. यात तुम्हाला रुपया मिळणार नाही, पण पुढची तीन कामं मिळतील.

३. दिसणारा कॅमेरा, दिसणारा चेहरा

*आकार:* दारापाशी बुलेट कॅमेरा घ्या. लांबून ओळखू येतो. सोबत मराठीत पाटी: "येथे सीसीटीव्ही चालू आहे." पाटी जिन्याच्या पहिल्या वळणावर हवी. दारावर लावली तर चोर दारापर्यंत आलेलाच असतो.

*उंची:* आठ फुटांच्या आसपास. हात सहज पोचू नये आणि कोनही फार उतरता नको. माणूस तीन मीटरवर असेल तर या उंचीवरून कोन साधारण १५ अंशांचा पडतो आणि चेहरा येतो. दाराच्या बरोबर वर, छताला लावला तर माझ्यासारखी टोपी मिळते. कॅमेरा जिना चढून येणाऱ्याच्या समोर असू द्या.

*अंतर:* अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी एक मीटर रुंदीत २५० पिक्सेल हवेत, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा आधार आहे. आपला दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवे १९२० पिक्सेल देतो. १९२० भागिले २५० म्हणजे सुमारे ७.७ मीटर. चित्राची रुंदी याहून जास्त झाली की चेहरा पुसट व्हायला लागतो. २.८ मिलिमीटरची रुंद लेन्स असेल तर ही मर्यादा कॅमेऱ्यापासून जेमतेम तीन मीटरवर येते. मोबाईलवर दाखवताना "सगळं दिसतंय ना काका?" असं विचारू नका. दारात कुणाला तरी उभं करा आणि विचारा, "हा कोण ते ओळखता येतंय का?" दिवसा एकदा आणि लाईट बंद करून रात्री एकदा.

*पाऊस:* बाहेरची जोडणी जंक्शन बॉक्समध्ये, केबल खाली झोल देऊन, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. खाडी जवळ आहे, गंज लवकर चढतो. लेन्ससमोर कोळ्याचं जाळं आलं तर रात्री इन्फ्रारेडमुळे अख्खं चित्र पांढरं होतं, म्हणून महिन्यातून एकदा पुसायला सांगा.

नकली कॅमेरा विकू नका. लाल दिवा लुकलुकणारा डबा स्वस्त पडतो, पण चोरी झाल्यावर ते कुटुंब तुमच्याकडे रेकॉर्डिंग मागायला येईल.

४. रेकॉर्डिंगचा हिशोब

एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. चार कॅमेरे म्हणजे ८६ जीबी. एक टीबीची हार्ड डिस्क साधारण साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. गिऱ्हाईक मे महिन्यात वीस दिवस गावी राहणार असेल तर? पहिल्या दिवशीची चोरी परत येईपर्यंत पुसली गेलेली असेल. म्हणून सुट्टीचे दिवस आधी विचारा आणि मग डिस्क सुचवा.

डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका. चोर टीव्हीबरोबर तोही उचलतो. कपाटात हवा खेळेल अशी जागा करा आणि छोटा यूपीएस द्या, कारण मीटर रूममधला स्विच पाडणं फार सोपं असतं. घड्याळ बरोबर आहे का ते दर भेटीला बघा. दहा मिनिटांचा फरकही पोलिसांच्या तपासात गोंधळ घालतो.

५. शेजारी आणि कोर्ट

पॅसेजमधला कॅमेरा समोरच्या दारात बघत असेल तर भांडण ठरलेलं. डीव्हीआरमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, त्याने समोरचं दार काळं करा आणि शेजाऱ्यांना स्क्रीनवर दाखवा. सामायिक जागेसाठी सोसायटीची परवानगी लेखी घ्या. घरात एकापेक्षा जास्त कुटुंबं राहत असतील तर सगळ्यांची संमती हवी. सहरहिवाशांच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निकाल २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

आता पुराव्याचं. हे आपल्या महाराष्ट्रातल्याच खटल्यावरून समजून घ्या. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर स्वीकारला, असा वाद होता आणि त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रीकरण कोर्टात आलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं: मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही आणि फक्त कॉपी दिली, तर सोबत प्रमाणपत्र हवंच. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक रेकॉर्डिंग देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. फाईलची हॅश व्हॅल्यूही लिहायची असते.

तुम्ही वकील नाही, व्हायचंही नाही. पण चोरी झाल्यावर फोन आला तर तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: दाराला हात लावू नका आणि पोलिसांना कळवा, डीव्हीआर फॉरमॅट किंवा रीसेट करू नका, आणि रेकॉर्डिंग पुसलं जाण्याआधी तपास अधिकाऱ्यांना त्याबद्दल सांगा. व्हॉट्सअॅपवर फिरवलेली क्लिप दाबली जाते, तिचा दर्जा जातो.

६. धंद्याची बाजू

पासवर्ड गिऱ्हाइकाच्या हाताने बदलून घ्या आणि तुम्ही स्वतः ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. लॅमिंग्टन रोडवरून माल घेताना बिल आणि वॉरंटी तर घ्याच, शिवाय मॉडेल प्रमाणित आहे का ते विचारा. एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारचे सीसीटीव्हीच्या सुरक्षेचे नियम लागू झाले आहेत.

कोटेशनमध्ये वार्षिक देखभालीची ओळ वेगळी लिहा. वर्षातून तीन भेटी ठेवा: मे आधी, गणपतीआधी, दिवाळीआधी. प्रत्येक भेटीत मागच्या आठवड्यातल्या एका रात्रीचं रेकॉर्डिंग गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवा. कॅमेऱ्याचा दिवा लागतोय म्हणजे रेकॉर्डिंग होतंय, असं नसतं.

गृहपाठ

आज संध्याकाळी स्वतःच्या इमारतीचा जिना अनोळखी माणसासारखा चढा. कागदावर लिहा: पहिला कॅमेरा कुठे दिसला? तुमचा चेहरा त्यात नक्की कुठे आला असेल? कुणी "कोणाकडे जायचंय?" असं विचारलं का?

त्या काकूंकडे मी नंतर गेलो. पैसे न घेता कॅमेरा जिन्यासमोर, बुलेट लावून दिला, पाटीसकट. शोभेचं त्या काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "हे आधीच सांगायचंस ना." मित्रांनो, गिऱ्हाईक चुकीचं मागेल. आधी सांगणं हे आपलं काम आहे.