खापरपणजीचे नाव

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला यात्रेस गेले म्हणजे तीर्थोपाध्याय आपले आडनाव आणि मूळ गाव विचारतात, आणि थोड्याच वेळात एक लांबट, पिवळी पडलेली चोपडी काढून आपल्यापुढे ठेवतात. आपले आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा कोणत्या साली तेथे आले होते, त्यांच्याबरोबर कोण कोण होते, हे त्या चोपडीत लिहिलेले सापडते. ज्यांना आपण कधी पाहिले नाही अशा पणजोबांची मोडीतील सही पाहून मन क्षणभर भरून येते.

परंतु एखाद्याचा पूर्वज घरदार सोडून, चार-पाच महिन्यांचा समुद्रप्रवास करून परक्या देशात शिपाई म्हणून गेला आणि तिकडेच त्याने लग्न केले, तर त्याच्या वंशजांनी कोणती चोपडी उघडावी? इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथे अशी पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांचे पूर्वज पलटणींबरोबर हिंदुस्थानात आले आणि त्यांची लग्ने पुणे, खडकी, अहमदनगर, कुलाबा अशा आपल्या ओळखीच्या ठिकाणी लागली. त्या लग्नांचा शोध ही माणसे कशी घेतात, ते आपण पाहू.

सन १८४७ पूर्वी ब्रिटिश सैन्यात शिरलेला मनुष्य बहुधा जन्मभरासाठीच शिरत असे. लग्न करावयाचे झाल्यास त्याला पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागे, आणि ती थोड्यांनाच मिळे. पलटण परदेशी निघाली की शंभर शिपायांमागे, ठिकाणाप्रमाणे, सहा ते बारा बायकांनाच जहाजावर घेत. कोणी जायचे आणि कोणी राहायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवीत. टोपीतून चिठ्ठी उचलायची. तिच्यावर ‘जाणे’ लिहिलेले असेल तर संसार चालू राहिला, ‘राहणे’ असेल तर बंदरावरच नवऱ्याचा निरोप घ्यायचा. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला होईपर्यंत पलटणींना बहुधा आफ्रिका खंडाला वळसा घालून हिंदुस्थानात यावे लागे. मागे राहिलेल्या पुष्कळ जणींना नवरा पुन्हा दिसला नाही.

इकडे आलेल्या अविवाहित शिपायांपैकी अनेकांनी येथेच लग्ने केली. दुसऱ्या शिपायांच्या मुली, निधन पावलेल्या सोबत्यांच्या विधवा, आणि पित्याकडून युरोपीय व मातेकडून हिंदी अशा मुली त्यांना वधू म्हणून मिळत. मुंबईस भायखळ्याला शिपायांच्या मुलांसाठी एक शाळा होती. ती चालविणारी संस्था १८१५ साली स्थापन झाली. देवळालीची बार्न्स शाळा हे तिचेच पुढचे रूप आहे. अशा शाळांत वाढलेल्या मुली पुष्कळदा पलटणीतच सून म्हणून जात.

आता समजा, इंग्लंडमधील एका घरी जुन्या पेटीत एक पदक सापडले. अशा पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव, हुद्दा आणि पलटणीचा क्रमांक बारीक अक्षरांत कोरलेला असतो. शोधाचे पहिले टोक हाती आले. मग घरातील मुलगी जुन्या खानेसुमारीची पाने पाहते. तेथे १८५१ पासून प्रत्येक माणसाचे जन्मस्थान नेमके लिहिण्याची पद्धत पडली. शिपायाची दोन धाकटी मुले इंग्लंडात जन्मलेली. पण थोरल्या मुलापुढे ‘पूना, ईस्ट इंडीज’ असे शब्द आहेत. म्हणजे आईबापांचे लग्न बहुधा त्याच्या आधी, हिंदुस्थानातच झाले असले पाहिजे. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींचे जुने हजेरीपट आहेत. त्यांवरून पलटण कोणत्या साली कोठे तळ देऊन होती हे कळते, आणि लग्न कोठे शोधावे याचा अंदाज बांधता येतो.

लग्नाची खरी नोंद मात्र पाद्र्याच्या नोंदवहीत. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी छावणीतील पाद्री करीत असे. मूळ वही चर्चमध्ये राही. तिची नक्कल इलाख्याच्या मुख्य ठिकाणी जाई आणि तेथून एक प्रत लंडनला रवाना होई. मुंबई इलाख्याच्या अशा प्रती १७०९ पासून १९४८ पर्यंतच्या आहेत. आज त्या लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. बंगाल आणि मद्रास इलाख्यांच्याही तशाच आहेत. यांतील पुष्कळ पानांची छायाचित्रे आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात.

पण पान समोर आले म्हणजे काम झाले असे नाही. इंग्रज कारकुनाच्या लेखणीत आपल्या गावांची नावे ओळखू न येण्याइतकी बदलत. खडकीचे ‘किर्की’ झाले, कामठीचे ‘कॅम्पटी’. कामठी नागपूरजवळ असली तरी तेथे मद्रासच्या सैन्याचे ठाणे होते; नकाशा पाहून मुंबईच्या चोपड्या चाळत बसणाऱ्याला तेथील लग्न सापडत नाही, कारण ते मद्रासच्या चोपड्यांत असते. कधी हजेरीपटातून शिपाईच एकाएकी नाहीसा होतो. तो मेला किंवा पळाला असेच नव्हे. पलटण स्वदेशी परत निघाली की येथे राहू इच्छिणाऱ्यांना दुसऱ्या पलटणीत नाव घालता येत असे. ज्याचा संसार येथे मांडला गेला होता, त्याला हा मार्ग जवळचा वाटला तर नवल नाही.

आयरिश कुटुंबांच्या बाबतीत तर दैवाची एक वेगळीच करणी दिसते. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातील दर पाच शिपायांत दोन आयरिश असत. पुढे १९२२ च्या जूनअखेरीस, तेथील यादवी युद्धात, डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागून शेकडो वर्षांचे कागद जळाले. कित्येक चर्चांच्या जुन्या नोंदवह्याही त्यांत गेल्या. त्यामुळे घरी राहिलेल्या भावाच्या लग्नाचा कागद उरला नाही, आणि हजारो कोस दूर गेलेल्या भावाच्या लग्नाचा उरला, असेही घडले. हिंदुस्थानातून लंडनला गेलेल्या नकलेने त्याला वाचविले.

ही नोंद कशी वाचावी, हेही शिकावे लागते. वराचे नाव, वय, हुद्दा व पलटण, वधूचे नाव व वय, दोघे पहिल्या लग्नाचे की विधुर-विधवा, साक्षीदार कोण, आणि नंतरच्या काळात दोघांच्या वडिलांची नावे, एवढा मजकूर असतो. लिहिता न येणाऱ्यांच्या नावापुढे फुलीची खूण असते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे: लंडनच्या प्रतीतील फुली कारकुनाने काढलेली आहे. शिपायाच्या किंवा त्याच्या वधूच्या थरथरत्या हाताची फुली पाहावयाची तर मूळ वहीच पाहावी लागते, आणि ती चर्चमध्ये. एका फुलीसाठी कोणी सातासमुद्रांपलीकडून पुण्या-मुंबईस आला, तर त्याला वेडा म्हणवणार नाही.

वधू विधवा असेल तर शोध दुप्पट लांबतो. पटकी आणि हिवताप यांनी छावण्यांत माणसे पटापट मरत. नवरा गेला की विधवेचा शिधा आणि खोली काही महिन्यांतच बंद होई. मुले पदरी असलेली स्त्री परक्या मुलखात काय करील? ती लवकरच पलटणीतील दुसऱ्या शिपायाशी लग्न करी. आज नोंदवही वाचणाऱ्यांना ही घाई विचित्र वाटते, पण घाई तिची नव्हती. तिच्यावर आलेल्या प्रसंगाची होती. मात्र नोंदीत तिचे आडनाव मागच्या नवऱ्याचे येते. तिचे माहेर शोधण्यासाठी आधीचे लग्न, आणि कधी त्याच्याही आधीचे लग्न शोधावे लागते.

सर्वांत कठीण शोध हिंदी स्त्रियांचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी १६८७ साली मद्रासला लिहिले होते की, आपल्या शिपायांनी तेथील स्त्रियांशी लग्ने करण्यास उत्तेजन द्यावे. अशा मातेच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला की तिला एक होन द्यावा. होनाचा हिशेब राहिला; त्या मातांची नावे फारशी राहिली नाहीत. पुढच्या काळातही मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव, हुद्दा, पलटण अशी सारी माहिती असते आणि आईच्या जागी ‘एक नेटिव्ह स्त्री’ एवढेच शब्द असतात. ती ख्रिस्ती होऊन रीतसर विवाह झाला असला, तर ‘मेरी’ किंवा ‘ॲना’ असे नवे नाव मिळते; आडनाव नाही, बापाचे नाव नाही, गाव नाही. आपल्याकडेही लग्नात ताटभर तांदळांत अंगठीने वधूचे नवे नाव लिहितात, आणि काही वर्षांनी तिचे माहेरचे नाव घरातील मुलांनाही ठाऊक नसते. पण तिचे माहेर तरी ठाऊक असते. या स्त्रियांचे तेही हरवले.

अशा एका स्त्रीची हकीकत मात्र टिकून राहिली, कारण तिचा नवरा मोठा मनुष्य होता. बन्वा द ब्वान्य हा फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतातला सेनानी. महादजी शिंदे यांच्या कवायती पलटणी त्याने तयार केल्या. १७९० साली पाटण आणि मेडता येथील लढाया त्या पलटणींनी जिंकल्या. हिंदुस्थानात असताना त्याने नूर बेगम नावाच्या मुसलमान स्त्रीशी तिच्या धर्माच्या रीतीने लग्न केले. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला. महादजींच्या मृत्यूनंतर त्याने नोकरी सोडली, आणि १७९७ मध्ये हे कुटुंब इंग्लंडात पोहोचले. तेथे नूर बेगमची हेलेन बेनेट झाली. अली बक्षचा चार्ल्स अलेक्झांडर झाला. दुसऱ्याच वर्षी द ब्वान्यने एका फ्रेंच सरदाराच्या तरुण मुलीशी लग्न केले. हिंदुस्थानातला विवाह तिकडे विवाह म्हणून कोणी धरला नाही.

नव्या लग्नापासून त्याला मूल झाले नाही. सव्हॉयमध्ये त्याची जहागीर आणि पदवी पुढे चालविली ती हेलेनच्या मुलाने. त्या घराण्याची वंशावळ मागे मागे नेली, की ती हिंदुस्थानातील एका जनानखान्याच्या दारापाशी येऊन पोहोचते. शँबेरी गावात द ब्वान्यच्या स्मरणार्थ १८३८ साली एक कारंजे बांधले. त्याच्या चारी दिशांना दगडी चौथऱ्यातून पुढे आलेले चार हत्ती आहेत, आणि प्रवासी ते आवर्जून पाहतात. हेलेन बेनेट इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात मुलांना वाढवीत राहिली आणि १८५३ साली वारली. तिची कबर तेथील हॉर्शम गावी चर्चच्या आवारात आहे.