गुडघा बदलल्यावर ‘बायोप्सी’: पैसे कधी द्यावेत, कधी विचारावेत

गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या बिलात ‘हिस्टोपॅथॉलॉजी’ अशी एक ओळ अनेकदा असते. काढलेलं हाड आणि सांध्याचं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचे हे पैसे. प्रत्येकाला ही तपासणी लागतेच असं नाही.

कोणाला गरज कमी? सांधा वयोमानाने झिजलेला, एक्स-रे स्पष्ट आणि काढलेला भाग सर्जनना नेहमीसारखा दिसला, तर अहवालात नवं काही क्वचितच निघतं. 2000 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा 1,234 शस्त्रक्रियांपैकी फक्त एका ठिकाणी उपचार बदलायला लावणारं निदान निघालं.

कोणाला हवीच? क्षयरोग, जंतुसंसर्ग किंवा गाठीची शंका असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल, बसवलेला सांधा पुन्हा बदलायचा असेल किंवा शस्त्रक्रियेत काही वेगळं दिसलं असेल, तर. इथे पैसे वाचवू नका.

खर्च किती? खासगी लॅबमध्ये एका नमुन्याला साधारण हजार ते तीन हजार रुपये. हाड आणि अस्तर वेगळ्या डब्यांतून गेलं की दोन नमुन्यांचे पैसे. हाडातला चुना काढण्याचे, खास रंगद्रव्यांचे, नमुना पोचवण्याचे पैसे वेगळे लागू शकतात. तपासणीवर जीएसटी नाही. लावला असेल तर विचारा.

वेळ किती? मऊ भागाचा अहवाल तीन-चार दिवसांत, हाडाचा आठवडाभरात किंवा थोडा उशिरा. संसर्गाची शंका असेल तर जंतूंच्या कल्चरला (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीला) दोन आठवड्यांपर्यंत, क्षयरोगाच्या कल्चरला सहा ते आठ आठवडे. कल्चरचा नमुना फॉर्मलिनमध्ये घातला तर वाया जातो; तो वेगळ्या निर्जंतुक डब्यातच हवा. क्षयरोगाची सीबीनॅट चाचणी सरकारी केंद्रात मोफत होते.

भरती होण्याआधी तीन प्रश्न विचारा: तपासणी पॅकेजमध्ये आहे का? माझ्या बाबतीत ती कशासाठी? किती नमुने जाणार? उत्तरं एस्टिमेटवर लिहून घ्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेनुसार लॅब निवडण्याचा हक्क तुमचा आहे. एनएबीएल मान्यता असलेली लॅब पाहा.

विम्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ बिल, पावती आणि अहवाल जपून ठेवा. अहवाल बहुधा डिस्चार्जनंतर येतो. तो स्वतः मागून घ्या आणि टाके काढायला जाल तेव्हा सर्जनना दाखवा. पैसे भरून न वाचलेला अहवाल हाच यातला सगळ्यात महाग पर्याय आहे.