डॉक्टरकीच्या प्रवेशाची पूर्वतयारी : सभासद पालकांसाठी माहिती



आपल्या मुलामुलींना दहावीला आता चांगले गुण मिळू लागले आहेत. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो म्हणून आपण ओळखतो ते इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मिहानमधील एम्स अशा तीन सरकारी संस्था आहेत. तरीही माहितीअभावी हुशार मुले मागे राहतात. म्हणून थोडक्यात मुद्दे देत आहे.

१) परीक्षा : एमबीबीएसला 'नीट' ही एकच प्रवेश परीक्षा आहे. २०२५ साली १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. एकूण गुण ७२०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. म्हणजे येत असलेले उत्तर घाईत चुकले तर ५ गुणांचा फरक पडतो. जीवशास्त्राचे गुण निम्मे आहेत, हे ध्यानात ठेवून वेळ वाटावा. पेपर मराठीतूनही मिळतो. मात्र भाषा अर्जातच निवडावी लागते.

२) अभ्यास : आडसाली ऊस जसा दीड वर्षाचा, तसा हा अभ्यास अकरावी-बारावी दोन्ही वर्षांचा आहे. अकरावीत पडलेली तूट शेवटच्या दोन महिन्यांत डोस वाढवून भरून निघत नाही. एनसीईआरटीची पुस्तके आधी, बाकी नंतर. आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून सोडवावा आणि चुकांची वही ठेवावी. पुन्हा वर्ष द्यायचे असेल तर खोडव्यासारखेच : लगेच मशागत केली तर पीक येते, नुसता राखला तर उतारा पडतो.

३) बारावी कुठे करायची : राज्यातील सरकारी महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्य कोट्याच्या व १५ टक्के अखिल भारतीय कोट्याच्या असतात. राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. मूल कोट्याला पाठवून नाव तिकडच्या शाळेत घातले, तर सर्वसाधारणपणे हा हक्क जातो. क्लास कुठेही करा, पण बारावी इथेच होऊ द्या. दोन्ही कोट्यांची नोंदणी वेगळी असते. एम्सच्या जागा केंद्रीय समुपदेशनातूनच भरतात.

४) कागदपत्रे : अर्जातील नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे असावे आणि आधारवरही तेच असावे. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर हे दाखले अकरावीतच मार्गी लावावेत. वैधतेला वेळ लागतो. केंद्राच्या ईडब्ल्यूएस सवलतीत ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असलेले कुटुंब बसत नाही, हे जमीनधारकांनी ध्यानात ठेवावे.

५) पैसा : गटात फिरताना एका सभासदाने विचारले, "साहेब, पोरीच्या क्लाससाठी वावर काढू का?" मी म्हटलं, "भाऊ, आधी पोरीला तीन जुने पेपर सोडवू द्या. तिची तयारी आणि तिची इच्छा दोन्ही दिसतील. वावर नंतरही विकता येईल, पण विकलेलं परत येत नाही." ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफीचा शासन निर्णय २०२४ साली झाला आहे. त्याच्या अटी जरूर पाहाव्यात.

६) दुसरी वाट : नीटच्याच गुणांवर बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यकीय पदवीलाही प्रवेश होतो. पशुवैद्यकीयचे विद्यापीठ तर नागपुरातच आहे. गावाला जनावरांचा डॉक्टरही तितकाच लागतो. एमबीबीएस हुकले म्हणजे मूल वाया गेले, असे घरात कोणी बोलू नये. निकालाच्या दिवसांत पालकांनी मुलाजवळ बसावे, गुणपत्रिकेजवळ नव्हे.

नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाबरोबर स्वतः वाचावी.

– ऊस विकास अधिकारी