कुशीवर वळवा, मग ऐका

मायट्रल स्टेनोसिसचा मर्मर मला ऐकू आला होता. हे आधीच सांगते, कारण प्रॅक्टिकलच्या दिवशी माझं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

लाँग केस म्हणून मिळालेल्या मावशींना जिना चढताना दम लागायचा. एपेक्सवर हात ठेवला की टकटक ठोका लागत होता, पहिला हार्ट साउंड खणखणीत. शंका आलीच. मावशींना डाव्या कुशीवर वळवलं, श्वास पूर्ण सोडून क्षणभर धरायला सांगितला, बेल अलगद टेकवली. डायस्टोलमधली ती खोल घरघर स्पष्ट होती.

परीक्षक आले ते घड्याळ बघतच. मावशी उताण्या, शेजारच्या कॉटवर दुसऱ्याची केस जोरात चाललेली. त्यांनी ब्लाउजवरूनच डायफ्रॅम दाबला, जेमतेम चार ठोके ऐकले आणि म्हणाले, "कुठाय मर्मर? इकोचा रिपोर्ट वाचून आलीस ना?" मी म्हटलं, "सर, कुशीवर वळवून बेलने..." वाक्य पुरं होईपर्यंत पुढचा प्रश्न आला होता. तिथेच कळलं की मला खोटं ठरवायला त्यांना स्वतः नीट ऐकण्याचीही गरज वाटत नाही. नंतर रेसिडेंटने इको दाखवला. झडप चांगलीच अरुंद होती. तो कागद मी त्याआधी पाहिलाही नव्हता. मार्क मात्र गेले ते गेलेच.

म्हणून तुम्हाला सांगते. मर्मर सांगताना कूस, श्वास आणि बेल त्याच वाक्यात सांगा. बेल दाबू नका. दाबली की खालची कातडी ताणून तिचाच डायफ्रॅम होतो आणि खालच्या पट्टीतला आवाज जातो. सिस्टोल की डायस्टोल हे कॅरॉटिडवर बोट ठेवून ठरवा. मनगटाची नाडी उशिरा पोहोचते. आवाज मंद वाटला तर पेशंटला झेपेल तेवढं उठ-बस करायला लावा आणि लगेच कुशीवर घ्या. एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर पहिल्या हार्ट साउंडआधी मर्मर वाढतो हे पाठ केलेलं वाक्य गाळा. एट्रियम नीट आकुंचनच पावत नाही, तर वाढणार कशाने?

बाकी हात धुणं, परवानगी घेणं, पडदा ओढणं हे आहेच. वॉर्डात रोज जा.

आणि परीक्षकांनी उताण्या पेशंटवर स्टेथो टेकवला, तर "सर, मी त्यांना वळवते" म्हणा आणि पेशंटला विचारून लगेच वळवा. उद्धटपणा वाटला तर वाटू द्या.