सस्पेन्शनचा आवाज : माल खोटा की बसवणी?

कापडाचे तागे भरले की आमच्या कारची मागची बाजू दबत असे. म्हणून उंची कमी-जास्त करता येणारे सस्पेन्शन चारही चाकांना बसवून घेतले. तिसऱ्याच दिवशी गतिरोधकावर करकर सुरू झाली. माल खोटा समजून आम्ही दुकानदाराला नको ते बोललो.

दोष बसवणीत निघाला. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले होते. अशाने रबरी बुश त्याच स्थितीत जखडते. गाडी खाली येताच पिळले जाते, करकरते, लवकर फाटते. बुशचे बोल्ट वजन चाकांवर आल्यावरच पक्के करावेत.

इतर आवाजही ओळखावेत :

लहान खड्ड्यात खटखट : वरचा नट, लॉक-रिंग किंवा स्टॅबिलायझर लिंक सैल.

स्टिअरिंग वळवताना टणकन : स्प्रिंग बैठकीत नीट बसलेली नाही.

भरल्या गाडीत धाडकन : सस्पेन्शन तळाला टेकते, उंची वाढवावी, ओझे घटवावे.

उंची बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करावेच, नाहीतर टायर झिजतात.

बोल्ट सैल करून पुन्हा आवळताच आमची करकर थांबली. दुकानदाराची माफी मागितली. तपासाआधी बदगुमानी नको. व्यापारात नुकसान तिथूनच सुरू होते.