आधी खोली मोजा

‘पन्नासची लेन्स घेऊ का?’ असं कुणी विचारलं, की मी आधी त्याच्या घरातल्या बाहेरच्या खोलीची लांबी विचारते. समोरचा गोंधळतो. मी कंपनी विचारीन, बजेट विचारीन, असं त्याला वाटलेलं असतं. पण ५० मिमी, एफ/१.८ ही लेन्स घेताना बजेटवर फारसं कुणी अडत नाही. नवी घेतली तर कंपनीनुसार साधारण दहा ते वीस हजारांच्या आसपास येते, जुनी त्याहून बरीच कमी. स्वस्त आहे म्हणून कुणी चौकशी करत बसत नाही, आणि पुढची फसगत तिथूनच सुरू होते. यात लेन्सचा दोष नाही. एवढ्या पैशांत एवढं काम देणारी दुसरी वस्तू फोटोग्राफीत मला तरी ठाऊक नाही.

तर खोली. सुरुवातीला आपल्या हातात येतो तो कॅमेरा बहुधा क्रॉप सेन्सरचा असतो. निकॉन किंवा सोनी असेल तर सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटर, कॅननमध्ये त्याहून थोडी कमी. त्यावर पन्नासची लेन्स लावून तीन मीटरवरच्या माणसांचा आडवा फोटो काढला, तर चौकटीत १.४ मीटर रुंदी मावते. म्हणजे खांद्याला खांदा लावून उभी असलेली तीन माणसं, तीही अंगानं बेताची. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ लावली तरी तीन मीटरपलीकडे सरकता येत नाही. माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा घरीच झाला. फोटो काढायला मी खोलीतून दारात, दारातून पडवीत आणि पडवीतून थेट अंगणात उतरले, तरी एका टोकाच्या काकू आणि दुसऱ्या टोकाचे मामा अर्धेच येत होते. दाराची चौकट मात्र दोन्ही बाजूंनी झकास आली. काकू ते अजून ऐकवतात.

क्रॉप सेन्सरवर पन्नासची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ ते ८० मिमीच्या लेन्सइतकाच भाग दाखवते. चेहरे, हात, वेशभूषा यांसाठी ती फार छान. घरातल्या बारशाला आणि मुंजीच्या पंगतीला मात्र ती अडचणच. अशा बॉडीवर रोजच्या वापराची ‘स्टँडर्ड’ लेन्स हवी असेल तर ती ३५ची. निकॉननं २००९ साली ३५ मिमी, एफ/१.८ ही लेन्स खास क्रॉप सेन्सरसाठी काढली. त्याच तीन मीटरवर तिच्या चौकटीत दोन मीटर रुंदी येते, आणि काकू-मामा दोघेही वाचतात. फुल फ्रेम असेल तर हा प्रश्न नाही. तिथे पन्नास ही पन्नासच.

दुकानदार सांगतात, पन्नासची लेन्स माणसाच्या डोळ्यासारखं बघते. या वाक्यावर फार विसंबू नये. फुल फ्रेमचा कर्ण ४३ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्याच्या जवळपासची लेन्स ‘नॉर्मल’ समजली जाते, एवढाच त्याचा आधार. नाक मोठं दिसतं की पाठीमागचा डोंगर जवळ येतो, हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं. तरी या लेन्सनं फोटोग्राफीत घर केलं हे खरं. १९२५ साली बाजारात आलेल्या पहिल्या लायकाला ५० मिमीचीच लेन्स कायमची बसवलेली होती, आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम पन्नासवर केलं.

मला ती हवी होती दशावतारासाठी. कुडाळ-सावंतवाडीकडच्या जत्रा कार्तिकात सुरू होतात, आणि रात्री उशिरा देवळाच्या आवारात नाटक उभं राहतं. मांडणी म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ. बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. उजेड म्हणाल तर ट्यूबलाइटचा, एखाद्या हॅलोजनचा. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची किट लेन्स पन्नासला नेली की तिचं अपर्चर एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाही. आयएसओ ६४०० ठेवूनसुद्धा शटर स्पीड १/२५च्या आसपास रेंगाळायचा. तेवढ्यात राजा गर्रकन फिरला, की फोटोत उरायचा जरीचा एक पट्टा. फ्लॅशचं नाव काढायची सोय नव्हती. रंगपटात तोंडाला रंग लावत बसलेल्या एका स्त्रीपार्टी नटानं मला सुनावलंच होतं, “बाय, तो लाइट मारू नको गे, डोळ्यांफुडे काळोख येता.”

एफ/५.६ आणि एफ/१.८ यांत प्रकाशाचा फरक जवळजवळ दहापट आहे. जिथे १/२५ मिळत होतं तिथे १/२५० मिळू लागलं. फिरणाऱ्या राजाच्या मुकुटावरचा एकेक मणी मोजता येईल असा फोटो पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिला, तेव्हा शेजारी बसलेल्या अनोळखी आजींनाही तो दाखवल्याशिवाय मला राहवलं नाही.

पण एफ/१.८ हे औषधासारखं आहे, मात्रा सांभाळावी लागते. क्रॉप सेन्सरवर एक मीटर अंतरावरून एफ/१.८ ला काढलेल्या चेहऱ्यात जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा पट्टा नीट फोकसमध्ये असतो. रंगपटातल्या माझ्या सुरुवातीच्या फोटोंत भुवई रेखीव आणि कानातली कुडी धुक्यात, असं हमखास व्हायचं. चार मीटरवर तो पट्टा अर्ध्या मीटरच्याही आत असतो. तलवारयुद्धातला एक वीर स्वच्छ येतो आणि दुसरा विरघळतो. दोघे हवे असतील तर दोघे लेन्सपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत थांबा, नाहीतर अपर्चर एफ/२.८ वर आणा आणि आयएसओ वाढवा. नॉइज कॉम्प्युटरवर बराच कमी करता येतो. हललेला, फोकस चुकलेला चेहरा कुठल्याच सॉफ्टवेअरनं पूर्ववत होत नाही. शिवाय या स्वस्त लेन्सा पूर्ण उघड्या असताना जरा मऊच असतात, चकाकत्या दागिन्यांच्या कडांना जांभळी झाक येते. एफ/२.८ ला त्याच लेन्सचं रूप पालटतं, एफ/४ ला तर ती महागड्या झूमलाही मान खाली घालायला लावते.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, १/२५० च्या शटरला कळतं. एकापाठोपाठ काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक पिवळट, एकात आडवे पट्टे. मला आधी कॅमेराच बिघडला असं वाटलं. अशा दिव्यांखाली १/१०० वर या, आणि वाचलेला प्रकाश आयएसओ उतरवायला वापरा. नट संवाद म्हणत उभा असेल तेव्हा १/१०० पुरतं. युद्धाला पुरत नाही. तिथे काही फोटो वाया जाणार हे धरूनच चालावं.

प्राइम लेन्स घेतली की पायांनी झूम करायचं, असं म्हणतात. जत्रेत ते चालत नाही. पुढे पोरं बसलेली, मागे अख्खा गाव. नाटक सुरू झाल्यावर उठलात तर शिव्या खाल. म्हणून जागा आधी ठरवावी लागते. क्रॉप सेन्सरवर कॅमेरा उभा धरला, तर चार मीटरवर चौकटीत सुमारे १.९ मीटर उंची मावते, म्हणजे मुकुटासकट उभा राजा जेमतेम. मी पेटीवाल्यांच्या कडेला, बाकड्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर बसते. किट लेन्स होती तेव्हा मी कुठेही बसून नळी फिरवायचे, आणि फोटोही कुठेही बसून काढल्यासारखेच यायचे.

एवढी कामाची वस्तू स्वस्त कशी, याची शंका येणं साहजिक आहे. तिच्या रचनेचा पाया फार जुना आहे. झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली प्लानार लेन्स आखली. तिच्यात अपर्चरच्या दोन्ही बाजूंना भिंगं जवळपास सारखी मांडलेली होती, त्यामुळे एका बाजूचे बरेच दोष दुसरी बाजू आपोआप काढून टाकते. आजच्या बहुतेक साध्या पन्नास त्याच वंशातल्या, पाच-सात भिंगांच्या. त्यातून एसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ती ४४ मिलिमीटर, निकॉनमध्ये ४६.५. चोवीसची लेन्स तिथे बसवायची तर वेगळी, अवघड रचना करावी लागते. पन्नासची सरळ बसते. उरलेली काटकसर बाहेरच्या अंगात. कॅननची १९९० सालची एफ/१.८ मार्क टू १३० ग्रॅमची, माउंटसुद्धा प्लॅस्टिकचा, अपर्चरची पाती पाच. तिच्यावर काढलेल्या फोटोत देवळाच्या मागच्या दिव्यांच्या माळा पंचकोनी दिसतात. मला ते आवडतं, बऱ्याच जणांना आवडत नाही. २०१५ मध्ये आलेल्या एसटीएममध्ये सात पाती आणि धातूचा माउंट आहे, आणि ती ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. जुनी कॅनन घेणार असाल तर थोडे पैसे जास्त घालून हीच घ्यावी.

जुनी घेताना मात्र बॉडी बरोबर न्या, किंवा तिचं नेमकं मॉडेल लिहून न्या. माझ्या हाती आलेली पहिली पन्नास निकॉनची ‘डी’ मालिकेतली होती. दुकानदार म्हणाला, “ताई, बसेल.” बसली. पण फोकस होईना. पन्नासच्या ‘डी’ लेन्समध्ये मोटर नसते. तिचा फोकस बॉडीतल्या मोटरनं फिरतो, आणि डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या बॉडीत ती मोटरच नाही. हातानं फोकस करता येतो, व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका मदतही करतो, पण दशावतारात नाचणाऱ्या संकासुराला ठिपक्याची वाट बघायला वेळ नसतो. अशा बॉडीला २०११ सालची ‘एएफ-एस’ ५० मिमी, एफ/१.८जी घ्यावी. निकॉनच्या मिररलेसवर एफटीझेड अडॅप्टर लावूनही ‘डी’चा ऑटोफोकस चालत नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर पहिल्यापासून लेन्समध्येच आहे, त्यामुळे तिकडे ही भानगड नाही. कॅननच्याच अडॅप्टरनं त्या नव्या आर मालिकेवरही व्यवस्थित चालतात.

आणि फंगस. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी हे आधी बघावं. जुनी लेन्स वरून पुसून लख्ख केलेली असते. मोबाइलचा टॉर्च लावा, अपर्चर पूर्ण उघडा आणि एका बाजूनं उजेड टाकून दुसऱ्या बाजूनं तिरकं पाहा. बारीक पांढरी जाळी किंवा फांद्यांसारख्या रेघा दिसल्या तर लेन्स परत द्या, कितीही स्वस्त असली तरी. धुळीचे दोन-चार कण असले तर बिघडत नाही, त्यांचा फोटोवर परिणाम दिसत नाही. फंगस काचेवरचं कोटिंग खातो, आणि साफ करायचा खर्च अशा लेन्सच्या किमतीला येऊन भिडतो. अपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक दिसली तरीही नकोच.

जपायचं म्हणजे कॅमेऱ्याच्या बॅगेत नाही. बॅगेचा स्पंज ओल धरतो. भांड्यांच्या दुकानात मिळतो तो घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग पालटला की गरम करून पुन्हा वापरता येतं. तांदूळ घालू नका, त्यांचा भुगा लेन्सच्या खाचांत जाऊन बसतो. आणि पावसाळाभर लेन्स डब्यात पुरून न ठेवता अधूनमधून वापरावी; श्रावणातली खिडकीतली उन्हं चेहऱ्यावर फार सुरेख पडतात.

थोडे आणखी घालून एफ/१.४ घेऊ का, असंही विचारतात. ‘थोडे’ नसतात ते. आणि एफ/१.८ पेक्षा प्रकाश मिळतो पाऊण स्टॉपही नाही. त्या पैशांत पन्नासच्या जोडीला पस्तीस येईल.

आता किट लेन्स हातात असलेल्यांसाठी. एक पैसा न घालता परीक्षा घेता येते. कॉम्प्युटरवर गेल्या वर्षाचे आवडते फोटो उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंग्थ किती लिहिली आहे ते बघा. बहुतेक १८ ते २४ मध्ये असतील तर पन्नासवर पैसे घालायची घाई नको. पस्तीस-पन्नासच्या आसपास असतील तर किट लेन्सची नळी ३५ वर आणून चिकटपट्टीनं डकवा आणि आठवडाभर तशीच वापरा, मग ५० वर डकवून आणखी एक आठवडा. घरात, बाजारात, एखाद्या समारंभात. अपर्चर तेवढं उघडणार नाही, पण कुठे भिंत आडवी येते आणि कुठे बरं वाटतं, ते कळेल. पट्टी कागदाची घ्या. खाकी पट्टीचा गोंद नळीवरून निघत नाही.