८०० सीसी म्हणजे एकच इंजिन नव्हे

प्रश्न : माझ्या १९९७ च्या मारुती ८०० चं इंजिन कामातून गेलंय. मेकॅनिक म्हणतो, 'अल्टोचं बसवू, तेही ८०० सीसीच.' बसेल का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : बसवता येईल, प्रश्न ते चालवण्याचा आहे. तुमचं इंजिन एफ-८-बी : तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, कार्बोरेटर. अल्टोचं एफ-८-डी : बारा व्हॉल्व्ह, एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं इंधन इंजेक्शन. म्हणजे नुसतं इंजिन आणून भागत नाही. ईसीएम (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग, सेन्सर आणि टाकीतला इलेक्ट्रिक पंपही हवा. जुन्या पेट्रोल नळ्या एमपीएफआयच्या दाबाला बनवलेल्या नाहीत. तिथे काटकसर म्हणजे आगीला आमंत्रण.

मी तुमच्या जागी असतो तर कार्बोरेटरवालं एफ-८-बीच शोधलं असतं. कुर्ल्याला जुना माल घेताना ब्लॉकवर कोरलेला नंबर चिंधीने पुसून स्वतः वाचा. घासलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. ऑइलचं झाकण उघडा. आत दुधाळ, कॉफीच्या रंगाचा चिकटा असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलंय. पावसाळ्यानंतर बुडालेल्या गाड्यांचे भाग बाजारात येतात, हेही लक्षात असू द्या. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

पण त्याआधी आरसी काढून बघा. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण अजून वैध आहे ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. वाशी आरटीओत आधी विचारा, इंजिनाचं पक्कं बिल सांभाळा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.